आय अ‍ॅम प्राउड: अभिमान की तोरा?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावर दोन पत्रे आली आणि दोन्हींतील तक्रार एकमेकींच्या अगदी उलट निघाली.

पहिले पत्र रत्नागिरी जिल्ह्यातील एका भगिनीचे आहे. त्यांच्या मुलाने परदेशातील शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा इंग्रजी अर्ज भरला. नाव, गाव, गुण, सगळे लिहिले. पण ‘आजवरच्या कोणत्या कामाबद्दल तुम्ही प्राउड आहात?’ हा रकाना त्याने कोरा ठेवला. आईने विचारले तर म्हणाला, “अम्मी, स्वतःच्या तोंडाने स्वतःची तारीफ कशी लिहू? तकब्बुर होईल ना.” मुदत पुढच्या महिन्यात संपते आणि मुलगा हटून बसला आहे.

दुसरे पत्र सोलापूरच्या एका बुजुर्गांचे. त्यांचा भाचा बंगळुरूला नोकरीला आहे. त्याला बढती मिळाली तेव्हा त्याने मोबाइलवर सर्वांना दिसेल असा मजकूर टाकला: ‘आय अ‍ॅम हम्बल्ड’. खाली कोट-टाय घातलेला फोटो. बुजुर्ग विचारतात, “हम्बल म्हणजे नम्र असे आम्ही शाळेत शिकलो. नम्र झालेला माणूस फोटोसकट दवंडी का पिटतो?”

एकाला स्वतःबद्दल चार शब्द लिहायची भीती, दुसऱ्याच्या नम्रतेलाच तोरा. दोन्ही पत्रांना एकत्र उत्तर द्यावे असे आम्हाला वाटले, कारण अडचण त्या मुलांत कमी आणि इंग्रजी शब्दांत जास्त आहे. हे शब्द आपण शाळेत अर्थासह पाठ केले. त्यांचे वजन मात्र आपल्याला कोणी सांगितले नाही.

मराठीत आपण दोन डबे वेगळे ठेवले आहेत. एका डब्यात अभिमान आणि स्वाभिमान. दुसऱ्यात घमेंड, माज, ताठा, तोरा, मगरुरी. मुलगी डॉक्टर झाली म्हणून बापाला अभिमान वाटला तर कोणी नाव ठेवत नाही. ‘त्याला माज चढलाय’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. (गर्व हा शब्द पूर्वी दुसऱ्या डब्यात होता, हिंदीच्या वाऱ्याने तो हल्ली पहिल्यात येऊन बसतो आहे.) यातले काही शब्द आपल्या अरबी-फारसीतूनच मराठीत आले, आणि येताना मूळ अर्थ सोडून आले. दिमाख म्हणजे मुळात दिमाग, मेंदू. मिजास म्हणजे मिजाज, स्वभाव. मगरूर या शब्दाचे अरबी मूळ फसण्याचे आहे. मगरूर म्हणजे धोक्यात सापडलेला, भ्रमात असलेला. हा अर्थ मराठीने जपला असता तर बरे झाले असते.

इंग्रजीत मात्र प्राउड हा एकच शब्द दोन्ही डब्यांत आहे. शूर बापही प्राउड, माजलेला सावकारही प्राउड.

हे कसे झाले याची गोष्ट मजेची आहे. शब्द मूळचा इंग्लंडचा नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी तो जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे ‘प्रूद’ म्हणजे शूर, कर्तबगार. १०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील सरदारांनी इंग्लंड जिंकले; शब्दाचा शिरकाव त्याच काळाच्या आगेमागे झाला. फ्रेंचमध्ये त्याला मगरुरीचा वास नव्हता. तो इंग्रजीत येताना लागला. काही शब्दकोशकार असा तर्क करतात की हे सरदार स्वतःला ‘प्रूद’ म्हणवून घेत, आणि त्यांच्या घोड्यांना वाट करून देणारी रयत तो शब्द ऐकून मनात त्याचा अर्थ ‘चढेल’ असा लावी. तर्कच आहे, पण पटतो. साहेब स्वतःला जे म्हणवतो त्याचा अर्थ चाकराच्या तोंडी नेहमी थोडा बदललेला असतो. त्याच मुळापासून निघालेला ‘प्राउएस’ म्हणजे पराक्रम हा शब्द मात्र स्वच्छ राहिला.

ख्रिस्ती धर्मगुरूंनी या भावनेवर त्याआधीच शिक्का मारला होता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी गर्वाला सर्व दुर्गुणांचे मूळ ठरवले, आणि युरोपात सात महापापांची यादी रूढ झाली तेव्हा तिच्या माथ्यावर गर्वच बसला. बायबलमधील एका वचनाची दोन टोके जोडून इंग्रजांनी म्हण केली, जिचा अर्थ आपल्या ‘गर्वाचे घर खाली’ या म्हणीसारखाच. म्हणजे कोकणातल्या त्या मुलाला जो शब्द टोचला, तो इंग्रजांनाही अनेक शतके टोचत आला आहे. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे होते.

शब्दाचा गाभा समजायचा असेल तर आम्ही धर्मगुरूंपेक्षा सुतारांकडे जाऊ. इंग्लंडमधील सुतार स्क्रू बसवतो. स्क्रूचे डोके फळीत नीट बसले नाही, जरासे वर राहिले, तर तो म्हणतो की स्क्रू ‘प्राउड’ राहिला आहे. त्यात निंदा नाही, स्तुती नाही. पृष्ठभागाच्या वर आलेले ते प्राउड. जखम भरताना मांस गरजेपेक्षा जास्त वाढून कातडीच्या वर आले तर त्यालाही ‘प्राउड फ्लेश’ म्हणतात. घोड्यांच्या पायाच्या जखमांत हे फार होते आणि गुरांचे डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात. चारचौघांच्या पातळीवर डोके निघाले, एवढेच शब्द सांगतो. ते डोके का निघाले हे शेजारचे शब्द सांगतात.

हे शेजारचे शब्द घरातल्या चार उदाहरणांवरून पाहू. जी बाई घर आरशासारखे ठेवते, पाहुणा उठला की लगेच उशी सरळ करते, तिला ब्रिटिश लोक ‘हाउस-प्राउड’ म्हणतात. यात कौतुक आहे आणि किंचित चिमटाही आहे. पैशाचा ताठा असलेला तो ‘पर्स-प्राउड’. हा शब्द आता जुना झाला, माणसे झाली नाहीत. दावत उत्तम झाली, यजमानाने काही कमी पडू दिले नाही, तर पाहुणा म्हणतो ‘यू हॅव डन अस प्राउड’. ऐकणाऱ्याने घाबरू नये. आपण ‘जिवाला तृप्ती झाली, फार मान ठेवलात’ म्हणतो तसे ते आहे. आणि अडचणीत असूनही हात न पसरणारा ‘टू प्राउड’. त्याची तारीफ होते आहे की त्याच्या हट्टावर बोट ठेवले जाते आहे, हे बोलणाऱ्याच्या आवाजावरून ओळखायचे.

व्याकरणातली एक खूण मात्र बऱ्यापैकी भरवशाची आहे. ‘ही इज प्राउड’ एवढेच म्हटले आणि वाक्य संपले, तर बहुधा निंदा. ‘ही इज प्राउड ऑफ हिज सन’ म्हटले, तर स्तुती. मधला ‘ऑफ’ हा इवलासा शब्द माणसाची नजर त्याच्या स्वतःवरून उचलून दुसऱ्या कशावर तरी नेतो: मुलावर, केलेल्या कामावर, गावावर. शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘प्राउड ऑफ’ आहे. विचारणाऱ्याला तुमचा ताठा पाहायचा नाही, त्याला काम पाहायचे आहे.

१८१३ साली आलेल्या जेन ऑस्टिन यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत पाच बहिणींपैकी सर्वांत पुस्तकी असलेली मेरी एक भेद करते: माणूस स्वतःला काय समजतो ते प्राइड, आणि लोकांनी आपल्याला काय समजावे असे त्याला वाटते ती व्हॅनिटी. लेखिकेने मेरीची सगळीकडे थट्टा केली आहे, पण इथे तिचे बोलणे खोटे नाही. आपल्याकडे उजब आणि रिया हे दोन शब्द साधारण याच दोन जागी बसतात.

आता नुसत्या निंदेच्या शब्दांकडे. बोस्ट आणि ब्रॅग या दोन्हींना आपण बढाई म्हणतो, पण एक फरक आहे. बोस्ट कधीकधी निर्दोष असतो. ‘आमच्या गावात शंभर वर्षांचे वाचनालय आहे’ अशा वाक्यात इंग्रजी माहितीपत्रके बिनदिक्कत बोस्ट हे क्रियापद वापरतात. गाव वाचनालय बोस्ट करते. ब्रॅगला अशी सवलत कमी. तो माणसाचा आवाज आहे, थोडा चढलेला, समोरच्याला लहान करणारा. या ब्रॅगवरून कवी एडमंड स्पेन्सर यांनी १५९० मध्ये ‘द फेअरी क्वीन’ या काव्यात एक पात्र घडवले आणि इटालियन वळणाचे शेपूट लावून त्याचे नाव ठेवले ब्रॅगाडोचिओ. हा गृहस्थ दुसऱ्या सरदाराचा घोडा आणि भाला चोरून स्वतः सरदार म्हणून मिरवतो, आणि झुडपात काही हलले की घाबरतो. त्याचे नाव इंग्रजी भाषेत पोकळ बढाईचा शब्द होऊन राहिले आहे.

‘क्रो’ म्हणजे कावळा, हे मुलांना पहिलीत शिकवतात. क्रियापद म्हणून मात्र तो कोंबड्याचा शब्द आहे. कोंबडा आरवतो तसा जिंकलेला माणूस क्रो करतो. हरलेल्याकडे पाहून गालात हसणे ते ‘ग्लोट’, आणि इंग्रज हे सर्वांत ओंगळ समजतात. आपण आपली टिमकी आपणच वाजवतो, इंग्रज आपला ट्रम्पेट वाजवतो आणि अमेरिकन माणूस हॉर्न. वाद्ये वेगळी, वाजवणारा तोच. या ट्रम्पेटशी जुळणारी एक ताकीद बायबलमध्येही आहे: दान देताना पुढे कर्णा वाजवत जाऊ नये. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये ही शिकवण त्याच्याच पुढे येते, आणि आपल्या हदीसमध्येही आहे. रमजानमध्ये शिध्याच्या पिशव्या वाटताना घेणाऱ्या विधवेच्या शेजारी उभे राहून फोटो काढणाऱ्या मंडळींनी ती कुठल्याही भाषेत वाचावी.

नव्या पिढीचा शब्द ‘फ्लेक्स’. दंडाचा स्नायू फुगवून दाखवणे हा मूळ अर्थ, तिथून मिरवणे. अमेरिकेतील रॅप गाणाऱ्यांच्या बोलीतून तो जगभरच्या पोरांच्या तोंडी गेला. महाराष्ट्रातील वाचकाला तो शिकवायची गरज नाही. दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकाचौकात लागतो तेव्हा आपण दोन्ही अर्थ एकदमच वापरत असतो, न कळत.

इंग्रजी बोलणारे सगळे एका माळेचे मणी आहेत असेही नाही. ब्रिटिश माणूस स्वतःबद्दल बोलताना शब्द अर्धे कापून वापरतो. ‘मी थोडेफार टेनिस खेळतो’ असे म्हणणारा जिल्ह्याचा विजेता निघू शकतो. त्याच्या तोंडून आलेले ‘नॉट बॅड’ हे बऱ्याचदा शाबासकीचे असते. आपली मुले तिकडे शिकायला गेली की ‘नॉट बॅड’ ऐकून खट्टू होतात. त्यांनी खुश व्हायला हवे. पण हा कमीपणा निव्वळ नम्रता असतो असे आम्ही मानत नाही. मी एवढा मोठा आहे की मला सांगायची गरजच नाही, असाही त्याचा एक सूर असतो.

ऑस्ट्रेलियात डोके वर काढणाऱ्याला खाली ओढण्याच्या सवयीला ‘टॉल पॉपी’ म्हणतात, म्हणजे खसखशीचे उंच रोप. ही प्रतिमा रोमच्या इतिहासातून आली. रोमचा एक राजा टार्क्विन याच्याकडे मुलाने निरोप्या पाठवून विचारले, ताब्यात आलेल्या शहराचे काय करू? राजा काही बोलला नाही. बागेत फिरता फिरता काठीने उंच उंच रोपांची बोंडे उडवत राहिला. मुलाने इशारा ओळखला आणि शहरातील मोठी माणसे संपवली. या राजाला इतिहास ‘सुपर्बस’ या उपनावाने ओळखतो, आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गर्विष्ठ! दुसऱ्यांची उंची सहन न होणारा माणूस स्वतः काय होता हे रोमन लोक जाणून होते.

अमेरिकन माणूस मात्र मोकळेपणी सांगतो. तिथे नोकरीच्या अर्जात ‘मी केले, मी घडवले, मी वाढवले’ असे लिहिणे हा शिष्टाचारच आहे. त्या समाजात सतत नवी माणसे येत राहिली; तुमचे आजोबा कोण होते हे कोणाला ठाऊक नसते, तेव्हा स्वतःची ओळख स्वतःच करून द्यावी लागते. पण तिथेही ब्रॅग ही शिवीच आहे. म्हणून लोकांनी पांघरुणे शिवली. ‘नॉट टू ब्रॅग, बट…’ असे म्हणून जे सुरू होते ते बढाईच असते. ‘इफ आय से सो मायसेल्फ’ हे दुसरे पांघरूण. आणि तिसरे, सर्वांत जाड, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वाचकांना खटकलेले ‘हम्बल्ड’.

हम्बल्डचा जुना अर्थ खाली आणला गेलेला, ज्याची रग जिरली असा. निवडणूक हरलेला पुढारी हम्बल्ड. पुरस्कार घेणारा हा शब्द वापरतो तेव्हा ‘या मानापुढे मी लहान आहे’ असे त्याला म्हणायचे असते. मनापासून म्हटले तर गोड आहे. पण रोज, प्रत्येक बढतीला, प्रत्येक प्रमाणपत्राला हम्बल्ड म्हणू लागले की शब्द झिजतो. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे कळते. हॅरिस विटल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने २०१० मध्ये ट्विटरवर अशा वाक्यांचा संग्रहच सुरू केला आणि या प्रकाराला नाव रुळवले: ‘हम्बलब्रॅग’. म्हणजे नम्रतेच्या बुरख्यातली बढाई. ‘सारखे विमानाने फिरून कंटाळा आला, घरचे जेवणच मिळत नाही’ हा त्याचा नमुना. २०१२ मध्ये त्यांचे याच नावाचे पुस्तक आले आणि शब्द शब्दकोशांत गेला. तेव्हा बुजुर्गवार, तुमची शंका इंग्रजांच्या घरातही विचारली जाते आहे.

भाच्यावर मात्र फार रागावू नये. नव्या गाडीच्या चावीचा फोटो टाकून खाली ‘अल्हम्दुलिल्लाह’ लिहिणारे आपल्यात कमी आहेत का? शुक्र कुठे संपतो आणि फ्लेक्स कुठे सुरू होतो, हे पाहणाऱ्याला कळणे कठीण आणि टाकणाऱ्याला कळणे त्याहून कठीण.

आतापर्यंत आम्ही बढाईला दोष देत आलो. पण एका बढाईखोराशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि तो आपल्या वाचकांचा लाडका आहे: मुहम्मद अली.

केंटकी राज्यातील लुईव्हिल गावचा हा मुलगा, तेव्हाचे नाव कॅशियस क्ले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक. १९६१ मध्ये लास व्हेगासला त्याची गाठ गॉर्जियस जॉर्ज या पैलवानाशी पडली. हा पैलवान केस कुरळे करून, झगे घालून, स्वतःच्या सौंदर्याची आणि ताकदीची तोंडभर स्तुती करी. लोक तो हरावा म्हणून तिकीट काढत, पण काढत. तरुण क्लेने ते पाहून ठेवले. १९६३ मध्ये, अजून विजेतेपद मिळायचे होते तेव्हाच, त्याची ‘आय अ‍ॅम द ग्रेटेस्ट’ नावाची ध्वनिमुद्रिका बाजारात आली. वर्तमानपत्रांनी त्याला वाचाळ म्हटले. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे सोनी लिस्टनशी लढत झाली. जाणकारांना लिस्टन सहज जिंकेल असे वाटत होते. सातव्या फेरीसाठी लिस्टन आपल्या जागेवरून उठलाच नाही.

ही बढाई समजायची तर तिच्या आधीचा माणूस पाहावा लागतो. जो लुईस १९३७ ते १९४९ जगज्जेता होता, तोही काळा. त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला वागणुकीचे नियम घालून दिले होते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून आनंद दाखवायचा नाही, गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही. गोऱ्याला हरवल्यावर काळ्याने हसणे त्या अमेरिकेला सहन होणारे नव्हते. स्वतःची पायरी सोडली असे वाटणाऱ्या काळ्या माणसासाठी तिथे ‘अपिटी’ असा खास शब्द होता. गोऱ्या माणसाच्या त्याच चालीला आत्मविश्वास म्हणत. अलीची बढाई या नियमांच्या तोंडावर होती. मी सुंदर आहे, मी सर्वांत मोठा आहे, असे तो ओरडे तेव्हा ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुरूप आणि खुजे म्हटले गेले ती मुले रेडिओला कान लावून ऐकत. १९६८ मध्ये गायक जेम्स ब्राऊन यांनी काळे असल्याचा अभिमान मोठ्याने सांगा, या आशयाचे गाणे काढले. त्याच्या नावातच प्राउड आहे. तिथे कोणाला सात पापे आठवली नाहीत.

आमच्या मते सगळ्या गोंधळाची किल्ली इथे आहे. प्राइडचे विरुद्धार्थी शब्द दोन आहेत. एक नम्रता, दुसरा शरम. ज्याच्यापुढे दुनिया आधीच वाकते त्याचा प्राइड नम्रतेला मारतो. ज्याला दुनियेने मान खाली घालायला शिकवले त्याचा प्राइड शरमेला मारतो. शब्द एक असला तरी पहिल्याला विष आणि दुसऱ्याला औषध.

त्या भगिनीने आपल्या मुलाला जवळ बसवून एवढेच विचारावे: बेटा, रकाना कोरा राहिला तो नम्रतेमुळे की शरमेमुळे? मराठी माध्यमात शिकलो, वडील बोटीवर खलाशी, शाळेला प्रयोगशाळा नव्हती, मी काय सांगणार, असे तर मनात नाही ना? तकब्बुरची भीती असेल तर त्याचाही खुलासा आहे. तकब्बुर म्हणजे खरे नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, असे पैगंबर (स.) यांनी स्पष्ट केले आहे, चांगले कपडे आवडणे त्यात बसत नाही असेही त्याच हदीसमध्ये आहे. आणि हजरत युसूफ (अ.) यांनी मिसरच्या बादशहाला स्वतःहून सांगितले होते की धान्याच्या कोठारांचा कारभार माझ्याकडे द्या, मला ते जमते, त्याचे ज्ञान मला आहे. दुष्काळ येणार होता, काम येणारा माणूस गप्प बसला असता तर लोक उपाशी मेले असते.

लिहायचे कसे, तर विशेषणे टाळून. ‘मी अत्यंत मेहनती व हुशार आहे’ हे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला ब्रॅगही वाटते आणि पोकळही. काय केले ते लिहावे, किती केले ते आकड्यात लिहावे, कोणी मदत केली त्याचे नाव घ्यावे. समजा, त्याने दोन वर्षे संध्याकाळी मोहल्ल्यातील आठ मुलांना गणित शिकवले. तेवढेच लिहावे. एक खबरदारी मात्र घ्यावी. आपण सवयीने ‘आम्ही केले’ म्हणतो. मुलाखतीत ‘वी’ म्हटले की समोरचा लगेच विचारतो, त्यात तुम्ही काय केले? तिथे जे स्वतः केले ते ‘आय’ म्हणून सांगावे आणि जे सर्वांनी केले ते ‘वी’ म्हणून. खरे बोलण्याचाच तो भाग आहे.

‘आय अ‍ॅम प्राउड ऑफ यू’ या वाक्याबद्दलही विचारणा होते, कारण आता आपल्या घरांतही ते ऐकू येते. अमेरिकन आई-बाप मुलांना ते उठता बसता म्हणतात. पण त्याला वरून खाली असा उतार आहे. आई मुलाला म्हणेल, मास्तर विद्यार्थ्याला म्हणतील, बरोबरीचे दोस्तही एकमेकांना म्हणतील. साहेबाला बढती मिळाली म्हणून कारकुनाने ‘प्राउड ऑफ यू, सर’ लिहिले तर साहेब गोंधळेल. त्यात पाठ थोपटण्याचा भाव आहे आणि मोठ्याची पाठ लहानाने थोपटत नाहीत. तिथे ‘काँग्रॅच्युलेशन्स’ पुरे. मराठीत आपल्याकडे ‘नाव काढलंस’ आहे, आणि जोडीला ‘माशाअल्लाह’ आहे. शब्दशः उलथा केलेल्या ‘मला तुझा अभिमान वाटतो’पेक्षा दादीच्या तोंडचे ‘नाव काढलंस बाई घराण्याचं’ आम्हाला जास्त गोड लागते. मुलांना मात्र दोन्ही ऐकायला आवडतात, आणि काही घरांत दोन्ही ऐकू येत नाहीत.

आणि दादी-नानींना इंग्रजीतही सगळे माफ आहे. अमेरिकेत नातवंडांचे फोटो लावलेला एक छोटा अल्बम मिळतो. आज्या तो पर्समध्ये ठेवत आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही दाखवत. त्याचे नाव ‘ब्रॅग बुक’. जी शिवी इतरांना लागते ती इथे लाडाची होते. फक्त एका आजीला हे भोवले. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना १९८९ मध्ये नातू झाला. पत्रकारांना ती खुशखबर देताना त्यांनी ‘मी आजी झाले’ म्हणण्याऐवजी ‘वी’ वापरले, म्हणजे ‘आम्ही आजी झालो’. इंग्रजीत स्वतःला असे ‘आम्ही’ राजा-राणीने म्हणायचे असते. त्या एका सर्वनामावरून सारे इंग्लंड अनेक दिवस हसत होते, आणि आजही त्यांच्यावर लिहिताना लोक ते विसरत नाहीत. हा मजकूर पहिल्या ओळीपासून ‘आम्ही’ असे लिहीत आलेल्या आम्हाला ही गोष्ट सांगताना जरा सावरून बसावे लागते.